बेळगाव परिसरातील घरांच्या भिंतींना फिका राखाडी रंग शोभतो का?

टिळकवाडी, बेळगाव
दिवाळीपूर्वी आमच्या घराचे रंगकाम करावयाचे असून दिवाणखान्यास व झोपण्याच्या खोल्यांना फिका राखाडी रंग द्यावा, असे माझे ठाम मत आहे. पांढऱ्या भिंतीवर हातांचे डाग लगेच उठून दिसतात. क्रीम रंगात सागवानी दारे-चौकटी मिसळून जातात, तर राखाडी रंगापुढे त्यांचा तांबूसपणा खुलतो. सासूबाईंचा मात्र ‘हा सिमेंटचा रंग, घराचे काम अर्धवट राहिल्यासारखे वाटेल’ असा आक्षेप आहे. जाणकारांनी आपली मते कारणांसह मांडावीत.

खानापूर
ताई, आपल्या सासूबाईंचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. आमच्या तालुक्यात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलेच असते आणि कौलारू घरांच्या माजघरात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. पांढरा रंग पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो, फिका राखाडी साधारण ६० ते ७० टक्के. ज्या खोलीत मुळातच उजेड कमी, तिथे हा फरक फार जाणवतो. शिवाय ढगाळ उजेड स्वतःच निळसर असल्याने निळी झाक असलेला राखाडी रंग पावसाळ्यात अगदी उदास दिसतो. भिंतीला लोणा लागला, तर त्याचे पांढरे चट्टे पांढऱ्यापेक्षा राखाडीवर अधिक दिसतात, हेही लक्षात घ्यावे.

अथणी
खानापूरकरांचे म्हणणे त्यांच्या गावापुरते योग्य आहे, परंतु संपूर्ण जिल्ह्याला तो नियम लावता येणार नाही. आमच्याकडे पाऊस कमी आणि ऊन कडक. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन पांढऱ्या भिंतीवर पडले की डोळे दिपतात. राखाडी भिंत तोच उजेड सौम्य करते. आमच्या सोप्याला हाच रंग असून घरातील कोणालाही तो उदास वाटलेला नाही.

शहापूर, बेळगाव
मी रंगकामाच्या व्यवसायात आहे. दोन्ही बाजूंनी ‘राखाडी’ हा जणू एकच रंग असल्यासारखी चर्चा चालली आहे, ती मला मान्य नाही. पांढऱ्या बेसमध्ये काळ्यासोबत निळा, हिरवा, जांभळा किंवा पिवळसर-तपकिरी असा कोणता तरी रंग मिसळलेला असतो आणि त्याची झाक शेड कार्डाच्या बोटभर तुकड्यावर सहसा कळत नाही. चारही भिंती रंगल्या की त्या एकमेकींवर प्रकाश टाकतात आणि तीच झाक गडद होते. सागवान आणि लाल कोबा असलेल्या घरात मी पिवळसर-तपकिरी झाकेचाच राखाडी सुचवतो. दिवेही आधी ठरवावेत, कारण ६५०० केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली निळसर दिसणारी भिंत ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली उबदार दिसते. उत्तरेकडील खोलीत थेट ऊन येत नाही म्हणून तिथे राखाडी नको, हा परदेशी सल्लाही इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. बेळगाव सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो.

खानापूर
नेमके त्याच महिन्यांत आमच्याकडे सूर्यदर्शन दुर्मीळ असते, त्यामुळे त्या झुकण्याचा आम्हाला फारसा उपयोग नाही. माझा मूळ मुद्दा वेगळाच आहे. लोक पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या स्वच्छ उन्हात रंग निवडतात आणि पुढील जुलैत तीच भिंत दिवसचे दिवस ढगाळ उजेडात पाहतात. निवडीची वेळच चुकीची असेल, तर कोणतीही झाक घेतली तरी उपयोग काय?

टिळकवाडी, बेळगाव
हा विचार मी केलाच नव्हता. तरीही दिवाणखान्याला पूर्वेकडे मोठ्या खिडक्या असल्याने तिथे मी राखाडीवरच ठाम आहे. माजघरासाठी मात्र सासूबाईंना आवडणारा मोतिया रंग घेऊ. परंतु पावसात भिंत ओलसर असताना नमुना लावून पाहायचा तरी कसा?

शहापूर, बेळगाव
ओलसर भिंतीवर रंग चढवू नये, हे खरे. पण नमुन्यासाठी भिंतच हवी असे नाही. दोन फूट लांब-रुंद प्लायच्या तुकड्याला प्रायमर लावून त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. पूर्ण वाळल्यावर तो तुकडा एकेका भिंतीला टेकवून, दाराच्या सागवानी चौकटीला लागून उभा करावा आणि सकाळी, भर पावसाच्या दुपारी व रात्री दिवे लावून पाहावा. सध्या श्रावणसरी चालू आहेत, तेव्हा हे काम याच आठवड्यात उरकून घ्यावे.