वारस कारखाना विकायला निघाले, तर कामगारांना खरेदीचा अग्रहक्क असावा का?

परळकर :
हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 22 नुसार, मृत्युपत्र न करता वारलेल्या व्यक्तीची स्थावर मालमत्ता किंवा तिचा चालू धंदा एकाहून अधिक प्रथम वर्गाच्या वारसांकडे (मुले, विधवा, आई अशा जवळच्या वारसांकडे) आला आणि त्यांतील एकाने आपला हिस्सा विकायचे ठरवले, तर तो आधी घेण्याचा हक्क उरलेल्या वारसांना असतो. किमतीवर एकमत झाले नाही, तर ती न्यायालय ठरवते. ज्यांचे पोट त्या धंद्यावर आहे त्यांना परक्याच्या आधी विचारावे, हे मला न्याय्य वाटते. मात्र त्याच धंद्यात उमेदीची सगळी वर्षे घालवलेल्या कामगाराला असे कोणी विचारत नाही.

माझा प्रस्ताव असा की, घरगुती मालकीचा कारखाना घ्यायला वारसांपैकी कोणीच तयार नसेल, तर कामगारांच्या सहकारी संस्थेला ठरलेल्या मुदतीत आणि न्यायालयाने ठरवलेल्या भावाने तो घेण्याची पहिली संधी मिळावी. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचे उदाहरण आपल्यासमोर आहे. संस्थापकांच्या पश्चात घराण्यात तंटे झाले, 1985 मध्ये कारखाना बंद पडला, तेव्हा युनियनने थेट सर्वोच्च न्यायालय गाठले आणि 1988 मध्ये बीआयएफआर या आजारी उद्योगांच्या पुनर्वसनासाठी नेमलेल्या केंद्रीय मंडळाच्या योजनेनुसार तो कामगारांच्या सहकारी संस्थेच्या ताब्यात आला. त्याआधी 1982 मध्ये, कोइमतूरच्या एका कौटुंबिक कंपनीच्या प्रकरणात, कंपनी गुंडाळण्याच्या अर्जावर कामगारांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असा निकाल याच न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी दिला होता. म्हणणे मांडण्याचा हक्क मान्य झाला असेल, तर खरेदीचा हक्क ही त्याची पुढची पायरी आहे.

भोसरीकर :
मी लहानसा इंजिनीअरिंगचा कारखाना भागीदारीत चालवतो आणि या प्रस्तावाला माझा ठाम विरोध आहे. भागीदारीपत्रात वेगळे लिहिलेले नसेल, तर 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 42 नुसार एका भागीदाराच्या मृत्यूने फर्मच विसर्जित होते. हिशेब न करता उरलेल्यांनी धंदा तसाच पुढे चालवला, तर मृताच्या वारसांना कलम 37 नुसार नफ्यातला वाटा किंवा सहा टक्के व्याज मागता येते. हे पैसे बहुधा विक्रीतूनच उभे राहतात. खरेदीदाराला सहा महिने थांबायला सांगितले, तर तो निघून जातो, बँक कर्जाची मर्यादा कमी करते आणि ऑर्डरी शेजारच्या गाळ्यात जातात.

हे नुकसान कोणाचे होते, हे परळकरांनी पाहावे. ते मृत भागीदाराच्या विधवेचे आणि मुलीचे होते. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने दिला, आणि त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे स्पष्ट व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा 11 ऑगस्ट 2020 चा निकाल यावा लागला. इतक्या उशिरा हाती आलेला हिस्सा रोख करून घ्यायला ती उभी राहते, तेव्हाच तिच्यासमोर आणखी एक रांग लावणे मला अन्यायाचे वाटते.

कोल्हापूरची वकील :
परळकरांनी कलम 22 चा अर्थ ताणला आहे. परका माणूस घराण्याच्या मालमत्तेत शिरू नये, हा त्या कलमाचा हेतू आहे. श्रमाशी त्याचा संबंध नाही. शिवाय आज बहुतेक मोठे कारखाने प्रायव्हेट लिमिटेड असतात. तिथे वारसांना मिळतात ते शेअर, धंदा कंपनीचाच राहतो, आणि हे कलम तिथे लावणे कठीण आहे.

खरी गोम इथेच आहे. उपक्रमच विकला गेला आणि त्यामुळे नोकरी खंडित झाली, तर 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई ठरवून दिली होती. परंतु फक्त शेअर हस्तांतरित झाले, तर कायद्याच्या दृष्टीने मालक बदललेलाच नसतो. भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही आणि कामगाराला नवा साहेब आल्यावरच सगळे कळते. म्हणून अग्रहक्कापेक्षा, शेअर मोठ्या प्रमाणात विकण्यापूर्वी कामगारांना लेखी नोटीस देण्याची सक्ती मला अधिक तातडीची वाटते.

परळकर :
कलम 22 चा हेतू वेगळा आहे, हे मला मान्य आहे. मी त्याचा नमुना घेतो आहे, आधार नव्हे. परंतु खरेदीची ताकद नसलेली नोटीस म्हणजे कारखाना बंद होण्याची आगाऊ खबर. शिवाय नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 वरून 300 कामगारांवर नेली आहे, त्यामुळे मधल्या आकाराच्या कारखान्यांतील कामगारांचे संरक्षण आणखी विरळ झाले. विधवेला पूर्ण बाजारभाव मिळणारच आहे.

भोसरीकर :
पूर्ण भाव कागदावर मिळतो, थांबलेल्या महिन्यांचे व्याज मात्र तीच भरते. कमानी ट्यूब्जही सुरुवातीच्या बऱ्या वर्षांनंतर पुन्हा आजारी पडली, हेही सांगायला हवे होते. खेळते भांडवल नसलेल्या संस्थेच्या हाती यंत्रे देऊन रोजगार टिकत नाही. नोटीस मला मान्य आहे. विक्रीची रक्कम वारसांत वाटण्यापूर्वी ग्रॅच्युइटी आणि थकीत पगार वेगळ्या खात्यात भरण्याची सक्ती केली, तर त्यालाही मी पाठिंबा देईन.

एक युनियन कार्यकर्ता :
तिघेही युनियन आहेच असे धरून बोलत आहेत. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियनची व्यवस्था घातली ती 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या उपक्रमांसाठी, आणि त्यातही सलग सहा महिने किमान 30 टक्के सभासद दाखवावे लागतात. भोसरीकरांच्या गाळ्यासारख्या ठिकाणी, जिथे बारा-पंधरा माणसे आणि त्यांतली निम्मी ठेकेदाराची, तिथे ही नोटीस कोणाच्या हातात द्यायची आणि सहकारी संस्था कोण नोंदवणार? कंत्राटी कामगार त्या संस्थेचा सभासद होऊ शकेल की नाही, हे परळकरांनी आधी सांगावे. त्यावर माझा पाठिंबा अवलंबून आहे.