अनुभव धागा : सीमाभागात शिकताना महाविद्यालयाची वर्षे आपण कशी वापरली?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी पदवीला येतो, तेव्हा वर्गात इंग्रजी, सरकारी कचेरीत कन्नड आणि घरी मराठी अशा तीन भाषांत त्याचा दिवस वाटला जातो. शिवाय गावाहून शहरात येण्याजाण्यात बराच वेळ जातो तो वेगळाच. मोठ्या शहरातील वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी दिलेले सल्ले त्याला फारसे लागू पडत नाहीत. माझे स्वतःचे मत असे आहे की, तासांबाहेरचा वेळ गावातल्या किंवा शहरातल्या एखाद्या खऱ्या कामाला जोडला, तर पदवीला वजन येते. ते काम कोणते होते आणि कसे जमले, हे ज्यांनी केले त्यांनीच सांगावे, म्हणून हे निमंत्रण. ‘भरपूर वाचन करा’ एवढेच न लिहिता काय वाचले, कधी वाचले आणि त्यातून काय हाती आले, तेही लिहावे ही विनंती.

खानापूर तालुका, कला शाखा

पदवीच्या वर्षांत मी कन्नड शिकले आणि त्या वर्षांतला सर्वांत चांगला वेळ त्यातच गेला असे मला वाटते. शाळेत कन्नड विषय होता, पण तो गुणांपुरता. खरी सुरुवात झाली ती वडिलांच्या जमिनीची पहाणी (कर्नाटकातला सातबारासारखा उतारा) हातात घेतली तेव्हा. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ प्रकल्पापासून पहाणी संगणकावर निघते आणि ती कन्नडमध्ये असते. आमच्या गल्लीतील बहुतेक मराठी शेतकरी ती दुसऱ्याकडून वाचून घेत आणि त्यासाठी तालुक्याला खेप घालत. कन्नडची वर्णमाला आपल्याच क्रमाने चालते, फक्त ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, ‘ओ’ वेगळे लिहिले जातात, हे लक्षात आल्यावर भीती गेली. बसच्या पाट्या, दुकानांचे फलक, मग कन्नड वर्तमानपत्रातील केवळ मथळे आणि त्यानंतर पूर्ण बातमी, या क्रमाने मी पुढे गेले. वर्गातील एक कन्नड मैत्रीण माझे उच्चार सुधारत असे आणि मी तिला मराठी कविता समजावून देत असे. पदवी संपेपर्यंत सर्व्हे नंबर, क्षेत्र, खातेदाराचे नाव, पिकाची नोंद आणि कर्जाचा बोजा हे रकाने मी न अडखळता वाचू लागले. गावातील काकू आणि मामा कागद घेऊन घरी येऊ लागले. मराठीवरचे प्रेम यामुळे तसूभरही कमी झाले नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे ही शंका फार लवकर घेतली जाते. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षा देऊ इच्छिणाऱ्यांना तर कन्नड टाळताच येत नाही. मग ती तिसऱ्या वर्षानंतर घाईने शिकण्यापेक्षा पहिल्याच वर्षी हाती घ्यावी.

बेळगाव, यांत्रिकी अभियांत्रिकी

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत इतक्या फौंड्री (धातू वितळवून ओतण्याचे कारखाने) असूनही आमच्या वर्गातील अनेकांनी ओतकाम फक्त पुस्तकात पाहिले होते. मी सुट्टीत एका छोट्या फौंड्रीत विनावेतन उभा राहण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. पहिले काही दिवस मी फक्त साच्याची वाळू पाहिली : ती किती ओली आहे हे तेथील ज्येष्ठ मोल्डर (साचे करणारे कारागीर) मुठीत दाबून सांगत, आणि ओलावा जास्त झाला की कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, वायूची छिद्रे पडतात, हे दुसऱ्या दिवशी नाकारलेल्या मालाच्या ढिगात दिसत असे. साच्यात जादा रसाचा साठा, म्हणजे रायझर, कशासाठी ठेवतात, हे मी परीक्षेत लिहिले होते. पण ओतलेले लोखंड थिजताना आकसते आणि तेथे रस पुरवला नाही तर आत पोकळी राहते, हे कापलेला तुकडा हातात घेतल्यावरच पटले. त्यानंतर धातुशास्त्राच्या तासाला माझ्याजवळ विचारायला प्रश्न असत. पुढे मुलाखतीत चर्चा याच विषयावर झाली. ज्यांना कारखान्यात जायचे आहे त्यांनी परवानगी मागताना ‘मला शिकवा’ असे न म्हणता आपण काय मदत करू शकतो ते सांगावे. मी नाकारलेल्या मालाची कारणवार नोंद ठेवत असे आणि ती वही मालकांनी शेवटी मागून घेतली.

वडगाव, वाणिज्य शाखा

वरील दोन्ही अनुभव वाचून आनंद झाला, तरी एक गोष्ट नम्रपणे मांडते. विनावेतन उभे राहणे सर्वांना परवडत नाही. आमच्या घरी यंत्रमाग आहेत, संध्याकाळी कांड्या भरण्याचे काम माझ्याकडे असे आणि परीक्षेच्या आठवड्यातही ते थांबत नसे. माझ्यासाठी मोकळा वेळ म्हणजे तास संपल्यानंतरचा महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एकच तास. तो मी कोणालाही दिला नाही, अगदी मैत्रिणींनाही नाही. त्या तासात त्याच दिवशी शिकवलेले प्रश्न सोडवून वही बंद करायची, घरी पुस्तक उघडायचे नाही, असा माझा नेम होता. पुढे खर्चलेखाशास्त्र शिकताना मी घरच्याच मागाचा हिशोब मांडला : सूत, वीज, दुरुस्ती, मजुरी. आईच्या आणि माझ्या श्रमाची मजुरी त्यात धरल्यावर एक साडी आम्हाला कितीला पडते, हे वडिलांना प्रथमच कागदावर दिसले आणि व्यापाऱ्याशी दर ठरवताना ते हा कागद जवळ ठेवू लागले.

*(निमंत्रकाची नोंद : या ताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. घरचे काम हाही वेळच आहे, आणि तो अभ्यासाला कसा जोडला हे अधिक जणांनी लिहावे.)*

निपाणी, विज्ञान शाखा

मी कर्नाटकात राहून महाराष्ट्रात शिकलो. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहे. दोन्ही राज्यांच्या शिष्यवृत्त्या, दाखले आणि प्रवेशाचे नियम वेगळे असल्याने मी त्यांच्या तारखा एका वहीत लिहीत गेलो आणि पुढे ती वही धाकट्या विद्यार्थ्यांच्या हाती फिरली.

कडोली परिसर, कला शाखा

आमच्या भागात कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात, हे आपले मोठे भाग्य आहे. मी स्वयंसेवक म्हणून प्रथम खुर्च्या लावल्या, नंतर पाहुण्यांना आणायला गेलो, आणि शेवटच्या वर्षी एका सत्राचे सूत्रसंचालन माझ्याकडे आले. परिचय करून देण्यासाठी त्या लेखकाची पुस्तके खरोखर वाचावी लागतात. त्यासाठी मी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात बसू लागलो, आणि १८४८ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत शिरताना मला दरवेळी आदर वाटत असे.

खानापूर–बेळगाव रोजचा प्रवास, विज्ञान शाखा

जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेमुळे कर्नाटकातील मुलींना साध्या बसचा प्रवास मोफत झाला आणि माझ्या पासाचे पैसे वाचले. ते मी संदर्भपुस्तकांसाठी वेगळे ठेवले. गर्दीत उभे राहून पुस्तक वाचता येत नाही, म्हणून मी आदल्या रात्री रसायनशास्त्राच्या अभिक्रिया छोट्या कागदांवर लिहीत असे आणि बसमध्ये एक कागद पाहून उरलेली मांडणी मनात पूर्ण करत असे. परतीच्या प्रवासात मात्र मी अभ्यास केला नाही. थकलेल्या डोक्याला तेव्हा विश्रांतीच हवी असते, आणि खिडकीजवळ जागा मिळाली तर मी सरळ झोपत असे.