वर प्रार्थनेची खोली, खाली कोठडी: एल्मिना पाहून पडलेला प्रश्न

नगरची_लेक: आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं घानात. शनिवारी एल्मिनाचा किल्ला पाहिला. पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला, १६३७ मध्ये डचांनी घेतला. खाली गुलाम म्हणून पकडलेल्या बायकांची कोठडी. आत गेल्यावर अजूनही श्वास कोंडतो. वरच्या मजल्यावर डचांची प्रार्थनेची खोली. दारावर स्तोत्र १३२ मधली ओळ, सीयोन हे परमेश्वराच्या विसाव्याचं स्थान. हे स्तोत्र माझ्या आजीला तोंडपाठ होतं. मला आत जाववेना. ज्यांच्या गावांतून माणसं ओढून नेली, त्यांनी तोच देव आपला कसा मानला?

पास्टरकाका: ताई, २००४ मध्ये जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चांची, म्हणजे त्या डचांच्याच प्रॉटेस्टंट पंथाच्या चर्चांची, महासभा घानाच्या राजधानीत, अक्रालाच भरली होती. प्रतिनिधी एल्मिनाला गेले. सभेने चर्चांना जे पत्र लिहिलं, त्यात ही खोली आणि ही ओळ दोन्ही आहेत. वर प्रार्थना करणारे आपल्याच पंथाचे होते, हे त्यांनी लपवलं नाही. आणि तेवढ्यावर न थांबता त्याच सभेत मंजूर केलेल्या निवेदनात आजच्या जागतिक अर्थव्यवस्थेलाही नकार दिला. गप्प बसलो तर आपली श्रद्धाच खोटी ठरेल, असा त्याचा रोख आहे.

कापूसवाला_यवतमाळ: कॅमेरूनचे फादर ज्याँ-मार्क एला वाचा. देशाच्या उत्तरेकडे तोकोम्बेरे गावात, तिथल्या डोंगराळ भागातल्या किर्दी शेतकऱ्यांमध्ये ते राहिले. ज्वारी-बाजरी खाणारी माणसं, पण शेतात लादलेला कापूस, तोही परदेशी बाजारासाठी. कणगी रिकामी असताना देवाबद्दल काय बोलायचं, हा त्यांचा प्रश्न. ज्वारी-बाजरीच्या मुलखात मिस्सासाठी (कॅथलिकांच्या उपासनेसाठी) गव्हाची भाकर आणि द्राक्षारस बाहेरून का आणायचा, असंही त्यांनी विचारलं. १९९५ मध्ये त्यांचे सहकारी फादर म्वेंग यांचा राजधानी याउंदेत खून झाला, तेव्हा एलांना देश सोडावा लागला. २००८ मध्ये ते कॅनडातच वारले.
माझं चार एकर सगळं कापसात आहे, भाकरीची ज्वारी विकत आणतो. म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो.

नगरची_लेक: दोघांचेही आभार. काल शेजारच्या केंकी विकणाऱ्या मावशींनाच विचारलं. त्या इथल्या अकान समाजातल्या. आंबवलेल्या मक्याचा गोळा कणसाच्या सालीत गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "देव डचांनी नाही आणला. ते यायच्या आधीपासून आम्ही त्याला न्यामे म्हणतो, आमच्या बायबलातही तेच नाव आहे." मग मला विचारलं, तुमच्याकडे काय म्हणतात? मी म्हटलं, परमेश्वर. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं.