मदत हवी आहे : तेइ जुन्सोकूच्या एदो दौऱ्याच्या तारखा

र्‍युक्यूचा (आजच्या ओकिनावा बेटांवरचं राज्य) विद्वान अधिकारी तेइ जुन्सोकू (१६६३–१७३४) १७१४ मध्ये शिष्टमंडळासोबत एदोला (आजचं टोकियो) गेला आणि तिथे जपानी विद्वान अराई हाकुसेकीला भेटला. त्या प्रवासाचा दिनक्रम इसवी सनात मांडायचा आहे. कांग्शी ५३ (चिनी सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष) किंवा शोतोकू ४ (जपानी कालगणनेतलं वर्ष) म्हणजे १७१४, एवढं लिहून भागत नाही. बारावा चांद्रमास पूर्ण १७१५ मध्ये पडतो. शिवाय र्‍युक्यूत चीनच्या छिंग राजवटीचं पंचांग, एदोत जपानी. गणित वेगळं असल्याने महिन्याची सुरुवात कधीकधी एक दिवस सरकते. दिवसांना ओळीने नावं देणारं साठ दिवसांचं चक्र मात्र दोन्हीकडे एकच, म्हणून पडताळा त्यावरच घ्यावा.

दोन्ही पंचांगं आणि हे चक्र शेजारी दाखवणारा तक्ता कुणाकडे आहे का? नोंदीत फक्त तिथी असेल, तर कुठलं पंचांग धरता?