शब्दचर्चा: जुन्या भयपटातल्या ‘मॉन्स्टर’ला मराठीत काय म्हणावं?

निशाचर:
१९३०च्या दशकातले युनिव्हर्सल स्टुडिओचे कृष्णधवल भयपट परत बघायला घेतलेत, या वेळी शेजारी भाची असते आणि तिला मधेमधे मराठीत सांगावं लागतं, तर १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ला येऊन अडलोय. फ्रँकेन्स्टाइन हे त्या शास्त्रज्ञाचं नाव, त्याने मढ्यांचे तुकडे जोडून जो उभा केला त्याला नावच नाही, नुसतं मॉन्स्टर. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत पण त्याच्यापुढे नटाचं नाव नाही, प्रश्नचिन्ह आहे, बोरिस कार्लोफ हे नाव एकदम शेवटी येतं. मी ‘राक्षस’ म्हटलं तर भाची म्हणाली, पण मामा, राक्षस तर बोलतात. खरंय तिचं. रावणाला कुळ आहे, राज्य आहे, शिवभक्ती आहे, हा आख्ख्या सिनेमात एक शब्द बोलत नाही, गुरगुरतो फक्त. दुसरा शब्द सुचतोय का कुणाला?

पिंपळपान:
भस्मासुर. पेपरात नेहमी वाचतो ना आपण, यांनीच पोसलेला भस्मासुर यांच्यावर उलटला वगैरे, तोच अर्थ. आणि भस्मासुर आपल्या पडद्यावरही जुनाच, फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’ काढला होता.

खिडकीपाशी:
भस्मासुर मला अजिबात पटत नाही. एक तर शंकराने त्याला घडवला नव्हता, वर दिला होता. दुसरं म्हणजे भस्मासुराला काय हवंय ते पक्कं माहीत असतं, वर मिळाल्या मिळाल्या तो देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धावतो. कार्लोफचा तो बिचारा छपरातून उजेड आला की हात वर करून उजेड धरायला बघतो, त्याचं काय करायचं?

आणि तळ्याकाठचा प्रसंग आठवा. छोटी मुलगी त्याला फुलं देते, दोघं एकेक फूल पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात, मग त्याच्या हातातली फुलं संपतात आणि तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो कारण त्याला वाटतं ही पण तरंगेल. ती बुडाल्यावर कसा गडबडून जातो बघा. गंमत... नाही, गंमत म्हणायलाही जीभ रेटत नाही, पण झालं असं की सेन्सॉरने तो टाकण्याचा तुकडाच कापला होता. मग पुढची कित्येक दशकं लोकांना एवढंच दिसलं की तो मुलीकडे हात नेतो, आणि नंतर बाप तिचं प्रेत घेऊन गावातून चालत येतो. मधलं ज्याने त्याने मनात भरलं आणि ते मूळ प्रसंगापेक्षा कितीतरी घाणेरडं भरलं. १९८०च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला. म्हणून मी म्हणते, कापलेली प्रत बघितलेल्याच्या तोंडी ‘राक्षस’ येणारच, पूर्ण प्रत बघितली की तो शब्द टिकत नाही. जुना सिनेमा परत बघताना आपण कुठली प्रत बघतोय ते आधी बघावं ते यासाठी.

माझं मत ‘जीव’ला. ‘तो जीव’ म्हणा. मेरी शेलीच्या १८१८च्या मूळ कादंबरीत पण त्याला मॉन्स्टर म्हणतात तसं वारंवार निर्माण केलेला जीव अशाच अर्थाने म्हटलंय, आणि मराठीत ‘जीव’ म्हणताना आपोआप थोडी माया येते.

निशाचर:
जीव आवडला. पण मग ड्रॅक्युलाचं काय? वेताळ चालेल का? वेताळ पंचविशीचं इंग्रजी करताना रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाला सरळ व्हॅम्पायर केलं होतं.

पिंपळपान:
बर्टनने केलं म्हणून आपण उलटं करायला नको. वेताळ रक्त प्यायला मानेशी येत नाही, तो भुतांचा राजा, कोकणात आणि गोव्यात तर त्याची देवळं आहेत, गावाचा राखणदार म्हणून त्याला मान आहे. शिवाय पंचविशीतला वेताळ मढ्यात शिरून बोलतो, म्हणजे तो ड्रॅक्युलापेक्षा तुमच्या जोडलेल्या मढ्याच्याच जवळचा झाला. ड्रॅक्युलाला ‘रक्तपिपासू’ वापरतात लोक, ते निदान चुकीचं तरी नाही. फक्त १९३१च्या सिनेमात बेला लुगोसीचे सुळे एकदाही दिसत नाहीत, सगळं डोळ्यांवर आणि हातांवर चाललंय.

आडवाट:
थोडं बाजूचं विचारते. याच सिनेमात लांडगे ओरडतात आणि काउंट ड्रॅक्युला ते संगीत असल्यासारखं ऐकत थांबतो. त्या ओरडण्याला काय म्हणायचं? कोल्हेकुई कोल्ह्यांची, कुत्रं रडतं, लांडग्यांचं काय?

खिडकीपाशी:
लांडगे गळा काढतात म्हणा, छान बसतं. आणि भेसूर आणि भयाण यात फरक ठेवा, लोक हल्ली दोन्हीला ‘डरावना’ म्हणून मोकळे होतात. भेसूर आवाज असतो, चेहरा असतो. भयाण जागा असते, शांतता असते. या सिनेमात नावं दिसताना ‘स्वान लेक’ या बॅलेचं संगीत वाजतं आणि मग जवळजवळ पार्श्वसंगीतच नाही, गडाच्या त्या जिन्यावर नुसती शांतता, ती भयाण. तीच लांडग्यांनी फोडली की भेसूर.

आडवाट:
हे मस्त. मग १९५४च्या ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’मधला, काळ्या तळ्यातला तो खवल्यांचा? आमच्याकडे पाण्यातल्याला गिऱ्हा म्हणतात.

पिंपळपान:
गिऱ्हा म्हणजे बुडून मेलेल्याचं भूत, आणि हा कधी मेलेलाच नाही, ॲमेझॉनच्या पाण्यात युगानुयुगं टिकून राहिलेली जात आहे ती. शास्त्रज्ञच होड्या घेऊन त्याच्या घरात शिरलेत. त्यालाही जीवच म्हणा.