अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट: थोरोचा जमाखर्च खरा की सोयीचा?

पाटीपेन्सिल:
एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन लेखक थोरो याचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, याचे कपडे तर घरचे लोक धूत होते!" आणि वॉल्डन तळ्याकाठी स्वतः घर बांधून एकट्याने राहिल्याबद्दलचं त्याचं 'वॉल्डन' हे पुस्तक निकालात निघतं. माझं म्हणणं असं की हे बोलणाऱ्यांनी 'इकॉनॉमी' हे पहिलंच प्रकरण नीट वाचलेलं नसतं. तिथे चक्क खर्चाचा तक्ता आहे. १० बाय १५ फुटांचं घर, खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. जेम्स कॉलिन्स या आयरिश रेल्वेमजुराची झोपडी ४.२५ला घेऊन मोडली, तिच्याच फळ्या वापरल्या. १,००० जुन्या विटा ४ डॉलर, दोन जुन्या खिडक्या काचांसकट २.४३, खिळे ३.९०. चुन्याच्या दोन पिंपांपुढे शेरा: महाग पडलं. गिलाव्यात घालायच्या केसांपुढे: गरजेपेक्षा जास्त आणले. आणि धुणं? बेरीज मांडताना तो स्वतःच सांगतो की धुणं-शिवणं यात धरलेलं नाही, ते बहुतेक बाहेरच व्हायचं आणि त्याची बिलं अजून आलेली नाहीत. लपवायचंच होतं तर ही ओळ लिहिली कशाला?

खतावणी:
बिलं आलेली नाहीत हा विनोद झाला, हिशेब नव्हे. आई-बहिणी बिल पाठवतात होय? पण धुणं सोडा, खरी गफलत भांडवलात आहे. जमीन त्याचा लेखक-मित्र एमर्सनने १८४४ मध्ये घेतलेली. थोरो तिचा एकरी भावसुद्धा देतो, ८ डॉलर ८ सेंट, पण मालक कोण ते सांगत नाही. लाकूड, दगड, वाळू 'कब्जेदाराच्या हक्काने', म्हणजे फुकट. कुऱ्हाड उसनी. सांगाडा उभा करायला मित्र हजर. स्वतःची मजुरी शून्य. आणि हे सगळं वगळून तुलना कशाशी, तर केंब्रिजच्या कॉलेजातल्या (म्हणजे हार्वर्डच्या) खोलीच्या वर्षाच्या ३० डॉलर भाड्याशी! त्या भाड्यात जागेची किंमत धरलेली असते.

शेतीचंही तसंच. अडीच एकर, बहुतेक घेवडा. उत्पन्न २३.४४, खर्च १४.७२½, नफा ८.७१½. घेवड्याच्या ओळी एकापुढे एक ठेवल्या तर सात मैल भरतील म्हणतो, आणि पहाटे पाचपासून दुपारपर्यंत निंदणी. त्या निंदणीला गावातला मजुरीचा दर लावा, मग बघा नफा कुठे राहतो ते.

पाटीपेन्सिल:
मजुरी धरली नाही, हाच तर त्याचा मुद्दा आहे. त्याच्या लेखी वस्तूची किंमत म्हणजे तिच्यापायी द्यावं लागणारं आयुष्य. निंदणी त्याला हवीच होती, ती खर्चाच्या बाजूला का टाकेल? आणि बढाईखोर माणूस तूट छापत नाही. एकूण खर्च ६१.९९¾, शेती आणि गावातली मोजणी-सुतारकाम मिळून जमा ३६.७८. तूट २५.२१¾, पाव सेंटापर्यंत मांडलेली.

एक दुरुस्तीही करून टाकतो, कारण ही चूक सर्रास होते. 'वर्षाला सहा आठवडे काम पुरे' हे वाक्य या तक्त्यातून निघत नाही. ते पाचाहून अधिक वर्षं हातच्या मजुरीवर काढल्यानंतरचं विधान आहे. दोन्ही एकत्र केलं की थोरो खोटा पडतो, आणि दोष वाचणाऱ्याचा असतो.

तळ्याकाठी:
तुम्ही दोघेही ऑडिटर झालात. हा तक्ता साहित्यात कुठे बसतो ते बघा. वर्ड्सवर्थने १८०७ मध्ये छापलेल्या सुनीतात तक्रार केली की मिळवण्या-उधळण्यात आपण स्वतःला संपवतो. तक्रार करून तो थांबला. एमर्सनने 'नेचर'मध्ये (१८३६) निसर्गाच्या उपयोगांची शिडी केली, तिची सगळ्यात खालची पायरी 'कमॉडिटी', म्हणजे पोटापाण्याची सोय. ती तो भराभर ओलांडतो. मागे इंग्रज कवी-विचारवंत कोलरिज आहेच: आकडेमोड करणारी समज खालची, थेट पाहणारी प्रज्ञा वरची. हा भेद थोरो-एमर्सनच्या गावाला, कॉन्कर्डला, पोचला तो मुख्यतः जेम्स मार्शने १८२९ मध्ये काढलेल्या कोलरिजच्या अमेरिकन आवृत्तीतून. थोरोने त्या खालच्या पायरीवर पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण खर्च केलं. ट्रान्सेन्डेन्टलिस्ट, म्हणजे एमर्सनच्या भोवतालच्या आत्मवादी, मंडळींत हे धाडस होतं.

आकडे न मांडणाऱ्यांचं काय झालं तेही ठाऊक आहे. याच मंडळींतल्या ऑल्कटची 'फ्रूटलँड्स' ही आदर्श शेती-वसाहत जून १८४३ला सुरू झाली. जनावरं जुंपायची नाहीत, कापूस-लोकर वापरायची नाही. पेरणी उशिरा, आणि कापणीच्या वेळी पुरुष विचारप्रसाराला बाहेर. जानेवारीत गाशा गुंडाळला.

खतावणी:
शिडी मान्य. पण 'बेकर फार्म' प्रकरण उघडा. जॉन फील्ड, आयरिश मजूर, बायकोमुलं पदरात. एकराला १० डॉलर आणि वर्षभर जमीन खतासकट वापरायला, या बोलीवर दुसऱ्याची पाणथळ जमीन खणतो. त्याला थोरो उपदेश करतो: चहा, कॉफी, लोणी, दूध, मांस सोड, म्हणजे एवढं राबावं लागणार नाही. एकट्या माणसाचा, बिनभाड्याचा तक्ता कुटुंबकबिल्याला लावला. हिशेबाची चूक म्हणतात ती ही. धुण्याचं घेऊन काय बसलात!

पाटीपेन्सिल:
जॉन फील्डच्या बाबतीत बचाव नाही. ते प्रकरण आढ्यतेचं आहे. फक्त 'पूर्वीचे रहिवासी'ही वाचा. त्याच रानात आधी राहिलेल्या केटो इन्ग्रॅम, झिल्फा, ब्रिस्टर फ्रीमन या कृष्णवर्णीयांची घरं तो एकेक करून नोंदवतो, कुणाच्या घराचा नुसता तळघराचा खड्डा उरलाय तेही.

अवांतर: १८४६-४७च्या हिवाळ्यात तळ्यातला बर्फ विक्रीसाठी कापून नेत होते (तेव्हा अमेरिकेतला बर्फ जहाजाने हिंदुस्थानातही जायचा), त्यावर तो लिहितो की मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक आता माझ्या विहिरीचं पाणी पितात. आपलीही एंट्री आहे खात्यात.

खतावणी:
तीही वटलेली नाही! त्याच प्रकरणात पुढे वाचा. अंदाजे १०,००० टनांची ती रास गवत-फळ्यांनी झाकून ठेवली, जुलैत उघडून थोडी नेली, बाकीची उन्हात पडून सप्टेंबर १८४८पर्यंत वितळत राहिली. बहुतेक पाणी तळ्यालाच परत.