जुनी मोटारसायकल आणि भरवशाचा मेकॅनिक: गोव्यातले अनुभव

पर्वरीहून

घरात जुनी मोटारसायकल आहे, ती विकायची नाही आणि नुसती झाकूनही ठेवायची नाही, अशा सगळ्यांना हे निमंत्रण. तुमचा मेकॅनिक कसा सापडला? त्याच्यावर गाडी सोडून निर्धास्त जाता येईल, असं नेमकं कशावरून वाटलं? नाव-नंबर इथे नकोत, अनुभव सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करतो. वडिलांची यामाहा आरएक्स १०० माझ्याकडे आहे. ही गाडी १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद झाली, त्यामुळे ज्यांचा तिच्यावर हात बसला ते मेकॅनिक आता साठीच्या पुढे गेलेत. मध्यंतरी ती फार तापायला लागली, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनचा आवाज खाली यायचा नाही. एका गॅरेजात किकही न मारता "बोअर-पिस्टन करावं लागेल", म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायचा आणि त्यात मोठा पिस्टन घालायचा, असं सांगितलं. तिथून गाडी म्हापशाला नेली. तिथल्या वयस्कर मेकॅनिकने आधी प्लग काढून पाहिला. टोक पांढरंफटक. "कुठून तरी हवा खातेय," म्हणाला. चालू इंजिनवर कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या जॉइंटवर त्याने क्लीनरचा जरासा फवारा मारला, लगेच आवाज बदलला. जॉइंटच्या रबराला चीर गेली होती. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक इंजिनात अशी जादा हवा शिरली की पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं, इंजिन तापतं आणि शेवटी पिस्टन जाम होतो. ती चीर तशीच ठेवून नवा पिस्टन घातला असता तर तोही गेला असता. इंजिन खोलायच्या आधी जो ऐकतो, त्याच्याकडेच मी गाडी देतो.

डिचोलीहून

दादा, ऐकणं हवंच, पण मोजणंही हवं. आमच्याकडे खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ. एअर फिल्टरकडे दुर्लक्ष झालं की ती धूळ रिंगा आणि सिलिंडर घासून काढते. माझ्या जुन्या स्प्लेंडरचा निळसर धूर थांबेना, तेव्हा हेड खोलावंच लागलं. आमच्या मेकॅनिकने सिलिंडर लेथवाल्याकडे मोजून घेतला आणि ०.२५ मिमी ओव्हरसाइझ पिस्टनवर काम भागेल म्हणाला. या पिस्टनच्या पायऱ्या असतात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी. पहिल्याच वेळी मोठी पायरी गाठली तर पुढच्या बोअरिंगला जागा उरत नाही, मग सिलिंडरच्या आत नवा स्लीव्ह, म्हणजे धातूचं अस्तर, घालावा लागतो. सरळ ०.७५ घालून मोकळे होणारे बरेच भेटतात. याने मोजलेले आकडे कागदावर लिहून दिले, आणि जुना पिस्टन नव्याच्या खोक्यात घालून परत केला. आता फोमचा फिल्टर मी स्वतःच रॉकेलने धुतो, वाळवतो आणि तेलाचा हात देऊन बसवतो.

मडगावहून

नवीन गावात आलात तर पिवळ्या मडगार्डवाल्या पायलटांना, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्यांना, विचारा. गाडी बंद तर त्यांची दिवसाची कमाई बंद. ते जिथे जातात तिथे काम लवकर आणि वाजवी होतं, हा माझा अनुभव. फक्त चवथीच्या तोंडावर जाऊ नका, सगळी गॅरेजं भरलेली असतात.

फोंड्याहून

माझी बुलेट जुन्या कास्ट आयर्न इंजिनची, उजव्या पायाला गिअर. आधीच्या गॅरेजात प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर भावाकडे बघून मिळायचं. गाडी माझ्या नावावर, चालवते मी, खर्चही माझा. ते फार लागायचं. आताचे मेकॅनिक काका माझ्याशी बोलतात. टॅपेट कसं लावायचं, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट कशी जुळवायची, ते त्यांनी माझ्याच हातून करून घेतलं: इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. आता आवाज बदलला की मला घरीच कळतं. गिऱ्हाईक शिकलं तर धंदा जाईल, ही भीती त्यांना नाही. माझ्या लेखी विश्वासाची याहून मोठी खूण नाही.

हरमलहून

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांचा पहिला शत्रू खारा वारा. स्पोक, रिम, सायलेन्सर, बॅटरीचे टर्मिनल, सगळं खातो. गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, केबलींत तेल सोडा. प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधू नका, ओल आतच कोंडते. सायलेन्सर आतूनही सडतो. जवळच्या जवळ फिरवली की तो पुरता तापत नाही आणि आत पाणी साचतं. अधूनमधून लांब चक्कर मारा.

वाळपईहून

पावसाळ्यात गाडी उभी राहत असेल तर पेट्रोलचं बघा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं कॉकच्या बाजूला. आमच्याकडचा मुलगा, वय जेमतेम पंचविशीचं, त्याने काचेच्या बाटलीत टाकीतलं पेट्रोल काढून ते दोन थर मला दाखवले. तेव्हापासून गाडी उभी करताना कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवतो, आणि जुने रबरी पाइप बदलून घेतले. पर्वरीचे दादा म्हणतात तसे मेकॅनिक वयस्करच असतात असं नाही. या मुलाला एखादी गोष्ट माहीत नसेल तर "उद्या विचारून सांगतो" म्हणतो, आणि खरंच सांगतो.

पेडण्याहून

एक राहिलं. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावं लागतं, अर्ज फॉर्म २५ मध्ये. तपासणीत चेसिस नंबर वाचता यायला हवा, आणि आपल्या हवेत गंज नेमका तिथेच चढतो. माझ्या मेकॅनिकने आकड्यांवरचा गंज डिझेलने भिजवून मऊ ब्रशने काढला, सँडपेपर लावू दिला नाही, कारण आकडे घासले गेले तर नंबरात फेरफार केल्याचा संशय येतो. वरून ग्रीसचा पातळ थर दिला. दर पावसाळ्याआधी तो पुसून नवा लावतो.